हनुवटीखालचा मीटर

दुकानदाराने उजेड मोजायच्या मीटरच्या पांढऱ्या टोपीला थुंकी लावली, अंगठ्याने ती गोल गोल फिरवली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि मीटर भाचीच्या हातात ठेवला.

“घ्या. नव्याला लाजवेल असा.”

मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा भाचीने तो मीटर चिमटीत धरला आणि काउंटरवर परत ठेवून दिला.

तिला शिसारी यायला फार काही लागत नसे, हे आधीच सांगितलेलं बरं. दुधावरची साय, बशीला चिकटलेला केस, दुसऱ्याच्या उशीचा तेलकट वास, एवढं पुरे. लहानपणी अंगाने काटकी आणि नाक कायम मुरडलेलं, म्हणून मामाने तिचं नाव नाकतोडा ठेवलं होतं, आणि तिचे केस पिकायला लागले तरी घरात तेच नाव चालू होतं. पण या दुकानात कुणाही धडधाकट माणसाने नाक मुरडलं असतं. जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान म्हणजे जुन्या माणसांच्या घामाचं दुकान. चामड्याच्या कव्हरांना बुरशी आलेली. पेट्यांमधला स्पंज विरघळून त्याचा काळा चिकटा झालेला, तो एकदा बोटाला लागला की साबणालाही दाद देत नाही. एका मीटरच्या पोटात बॅटरी फुटून हिरवी पूड साचली होती, दुसऱ्याच्या दोरीत कुणाचा तरी पांढरा केस अडकला होता. दुकानदार बोलता बोलता करंगळीच्या वाढवलेल्या नखाने कान कोरत होता आणि त्याच नखाने मीटरची चकती फिरवून दाखवत होता.

“टोपीवालाच हवा म्हणालात ना? मग हाच. तोंडावर जेवढा उजेड पडतो तेवढा मोजतो. माणसाच्या तोंडापाशी न्यायचा, टोपी कॅमेऱ्याकडे करायची, बटण दाबायचं. माणूस गोरा असो, काळा असो, हा फसत नाही.”

“माहितीये,” ती म्हणाली. माहीत नसायला काय झालं? मामाच्या स्टुडिओत फिल्मच्या रिकाम्या डब्यांनी भातुकली खेळत ती मोठी झाली होती आणि आता तोच स्टुडिओ चालवत होती.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ उभे होते. कडक इस्त्री, चकचकीत बूट. एका मीटरचं चामडी कव्हर नाकाशी नेऊन, डोळे मिटून ते हुंगत होते, आणि हुंगताना त्यांच्या नाकपुड्या चक्क थरथरत होत्या.

“घरी कपाटभर आहेत माझ्याकडे,” त्यांनी डोळे उघडून आपणहून माहिती दिली. “पण हा वास कुठे मिळत नाही.”

“फोटो कशाचे काढता तुम्ही?” भाचीने विचारलं.

“फोटो?” गृहस्थांना तिने काहीतरी अचकटविचकट विचारल्यासारखं झालं. “छे हो! त्या भानगडीत कोण पडतो. मी नुसता मोजतो. दिवाणखान्यात मोजतो, गच्चीत मोजतो. एकदा बायकोचं तोंडही मोजलं.”

“मग?”

“मग काय, आकडा आला.”

भाचीला दोघांचीही किळस आली. एक थुंकी लावणारा, एक हुंगणारा. उजेडासारखी स्वच्छ वस्तू मोजायची यंत्रं, आणि त्यांच्याभोवती ही असली माणसं माश्यांसारखी बसलेली. तडक चालतं व्हावं असं तिला वाटत होतं, पण मीटर घेतल्याशिवाय परत जाता येणार नव्हतं. फोटो परवाच काढायचा होता आणि तो फोटो पुन्हा काढता येण्यातला नव्हता.

दुकानदाराने मागच्या फळीवरून आणखी एक पेटी काढली. आतला मीटर पिस्तुलासारखा दिसत होता.

“पैसे टाकायची तयारी असेल तर हा बघा. डोळ्याला लावायचा. मधल्या ठिपक्यात जेवढं येईल तेवढ्याचाच उजेड सांगतो. खोलीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाच्या गालावरचा तीळ मोजा.”

भाचीने काचेभोवतीची कड आपल्या रुमालाने तीन-तीनदा पुसली आणि मीटर डोळ्याला लावला. हुंगणाऱ्या गृहस्थांचा गाल एकदम समोर आला, वस्तऱ्याने कापल्याच्या खुणेसकट. बटण दाबलं, आकडा उमटला. गृहस्थांना पत्ताही नव्हता. त्यांच्या अंगाला येणारा अत्तराचा आणि कुजलेल्या पाचोळ्यासारखा वास भिंगातून येत नव्हता. ती होती तिथेच उभी होती आणि काम झालं होतं.

“कशाचे फोटो काढायचेत?” दुकानदाराने विचारलं.

“एका माणसाचा. एकच.”

“मग टोपीवालाच घ्या की. हा कशाला? हा डोंगराला, नाटकाच्या मंचाला, जिथे आपल्याला जाता येत नाही तिथे. माणसापाशी तर जाता येतं.”

“मला अचूक हवाय.”

“अचूक दोन्ही आहेत, बाई.”

“हाच द्या,” ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर तिने हात पुन्हा पुन्हा पुसले. खरं तर हाताला काही लागलेलं नव्हतं. घाण वाटत होती ती स्वतःची, आणि का वाटत होती तेही तिला नीट कळत होतं.

मामाच्या डाव्या गालाला भोक पडलं होतं. जबड्यातल्या कॅन्सरच्या गाठीने आतून पोखरत पोखरत शेवटी बाहेर वाट काढली होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. खालचा अर्धा जबडा गालासकट काढायचा आणि मांडीचं कातडं आणून तिथे लावायचं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं, तेव्हा मामीने तोंड फिरवलं आणि मामा चित्राकडे बघून म्हणाला, “हात चांगला आहे डॉक्टरांचा. रेघ थरथरत नाही.”

घरी आल्यावर मात्र त्याने भाचीला बोलावून घेतलं. प, ब, म ही अक्षरं आली की त्याला गालावर रुमाल दाबावा लागे, नाहीतर हवा भोकातूनच निघून जाई.

“नाकतोड्या, हे तोंड जायच्या आत याचा एक फोटो काढ. आपल्या स्टुडिओत, आपल्या भात्याच्या कॅमेऱ्यावर, फिल्मवर. मोबाइल पुढे केलास तर तंगडी मोडीन.”

मागणं रास्त होतं. गावातल्या निम्म्या माणसांची तोंडं ज्याने भिंतीवर टांगली, त्याचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. लग्नातला एक होता, त्यात त्याचे डोळे मिटलेले. आता अर्धं तोंड जाणार होतं, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

“मीटर तेवढा नवा आण,” त्याने सांगितलं होतं. “टोपीवाला.”

मामाचा जुना मीटर भाचीने त्याच दिवशी खणातून काढून बघितला होता. सुई आडवी पडलेली. खिडकीत नेला, उन्हात नेला, दिव्याखाली धरला, सुई काही उठली नाही. त्या मीटरवर मामाचा सगळा धंदा उभा राहिला होता, कारण मामाची कामाची पद्धतच तशी होती. फोकस लावून झाला, फिल्मवरची झाकणपट्टी काढून झाली, शटर चढवून झालं की तो शटर सोडायचा लांब नळीचा रबरी फुगा एका हातात घेऊन गिऱ्हाइकाकडे चालत जायचा. दुसऱ्या हाताने मीटर हनुवटीखाली धरायचा, आकडा बघितल्यासारखं करायचा आणि त्या माणसाच्या कानात काहीतरी बोलायचा. काय ते कुणाला कळलं नाही. कधी शिवी असेल, कधी विनोद, कधी नुसतं “दमलात का?” मग एक पाऊल बाजूला सरून फुगा दाबायचा. फोटोत यायचा तो त्या बोलण्यानंतरचा चेहरा. न्यायाधीशही त्याच्या फोटोत माणसासारखे दिसत.

आता त्याच हनुवटीखाली भाचीला मीटर धरायचा होता. आणि त्या हनुवटीपाशी वास येत होता.

फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की देठ विरघळून जसा वास सुटतो, तसा काहीसा. पण त्याला गोडसर धार होती आणि तो घशाच्या मागे जाऊन बसायचा. त्यावर मामी दर तासाला गुलाबाचा फवारा मारायची, त्यामुळे तो कुजका वास नटूनथटून यायचा, एवढाच फरक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या घरात सर्दी झालेली असायची. बँकेतला मित्र रुमाल नाकाशी धरून “हवाच वाईट आहे” म्हणायचा. व्याही आले, त्यांनाही सर्दी. शेजारीण दारातूनच खोकायची. सगळे श्वास कोंडून हसायचे आणि “तब्येत सुधारलेली दिसते” असं म्हणून पळ काढायचे. भाचीला त्या सर्दीवाल्यांची चीड यायची. पण ती स्वतः तरी काय करत होती? खिडकी पुसायचं निमित्त काढून खिडकीत उभी राहत होती. पाण्याचा पेला टेबलावर ठेवत होती, हातात देत नव्हती. लहानपणी गाडी लागून ती याच मामाच्या शर्टावर ओकली होती आणि त्याने तो शर्ट नळाखाली खंगाळून तसाच ओला घालून दिवसभर गिऱ्हाइकं केली होती. हे आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. पण म्हणून मामाची यायची थांबली, असं काही झालं नाही.

तर असा तो पिस्तुलासारखा मीटर घरात आला.

मामाने तो हातात घेऊन उलटसुलट केला, डोळ्याला लावला आणि पलीकडच्या खोलीत कपडे घड्या करत बसलेल्या मामीवर रोखला.

“किती लांबून चालतो?”

“कितीही. अगदी कॅमेऱ्यापाशी उभं राहून,” भाची खिडकीतून म्हणाली. “अचूक आहे खूप.”

“हं.” त्याने गालावर रुमाल दाबला. “म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली.”

“चांगलाच आहे की,” मामी आतून म्हणाली. “उगाच तिला तिथे जवळ...” आणि पुढचं वाक्य तिने घडीत दुमडून ठेवलं.

मामाने मीटर पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि “बरं झालं” म्हणाला. रागावला असता, तर भाचीला सोपं गेलं असतं.

फोटोच्या दिवशी आकाश पांढरट होतं. मामा अशा उजेडाला धुतलेला उजेड म्हणायचा. घराला लागूनच असलेल्या स्टुडिओतली मोठी खिडकी उजवीकडे, खुर्ची तिच्या अलीकडे. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. भाचीने खुर्ची जराशी वळवली, म्हणजे डावा गाल सावलीत जाईल.

“पट्टी काढ,” तो मामीला म्हणाला.

“अहो, राहू द्या की. पट्टीसकट काय वाईट...”

“काढ. भोक सावलीत जाऊ दे. पण असू दे. मी काही बँडेजचा फोटो काढून घ्यायला बसलो नाही.”

मामीने पट्टी काढली आणि ती कागदात गुंडाळून बाहेर गेली. वास सुटला आणि पाळीव मांजरासारखा खोलीभर फिरून आला. भाची कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरली, आणि त्या जुनाट, धुळकट कापडाचा वास तिला देवासारखा वाटला. मामा काचेवर उलटा दिसत होता. तिने फोकस लावला, बाहेर आली, नवा मीटर डोळ्याला लावला. उजवा गाल, आकडा. डावा गाल, आकडा. कॉलर, आकडा. सगळं चोख. शटर बसवलं, फिल्म घातली, झाकणपट्टी काढली, फुगा दाबला.

फिल्म पालटली. पुन्हा. आणखी एकदा.

तीन फिल्म झाल्या तरी समोर तेच. माणूस दगडी पाट्यासारखा बसलेला. डोळे कॅमेऱ्याकडे, पण कुणाकडेच नाहीत. आकडे बरोबर होते आणि फोटो मेलेला होता, हे तिला न धुताच दिसत होतं. फिल्म तिच्याकडे आता एकच उरली होती. या आकाराची फिल्म बनवायचीच बंद झाली होती, आणि ही शेवटची पेटी मामाने वर्षानुवर्षं फ्रिजमध्ये मामीच्या शिव्या खात जपली होती.

“कसा दिसतोय?” मामाने विचारलं.

“छान.”

“खोटारडी. पासपोर्टच्या फोटोसारखा बसलोय, मला कळत नाही का? हे काढून टाकायचं तोंड आहे, याची ओळख पटवून कुणाला दाखवायचीय?” त्याचा आवाज चढला आणि हवा शिट्टीसारखी गालातून गेली. त्याने रुमाल दाबला. “तो मीटर आण.”

“हाच तर आहे.”

“हे पिस्तूल नाही. माझा. खणातला.”

“मामा, तो मेलाय. सुईच हलत नाही.”

“मला सांगतेस? तू कॉलेजात होतीस तेव्हा मेला तो.”

कॉलेज सुटून भाचीला जमाना लोटला होता. त्यानंतर मामाने किती माणसांच्या हनुवटीखाली तो मीटर धरला असेल, याचा तिला अंदाजही करता येईना.

“मग धरायचास कशाला?”

“उजेड खिडकीत रोज तोच असतो, तो काय मोजायचा? पण हातात काही नसताना परक्या माणसाला कोण इतकं जवळ येऊ देतं?” तो दम खायला थांबला. “आण. तुझ्या पिस्तुलाचा आकडा लावलेला असू दे, चांगला आहे तो. नुसतं जवळ ये.”

आता पळायला वाट नव्हती. तिने शेवटची फिल्म घातली, झाकणपट्टी काढली, शटर चढवलं. खणातून मेलेला मीटर आणला. एका हातात मीटर, एका हातात फुगा. दारापाशी तिने छाती भरून घेतली, विहिरीत उडी मारणारा घेतो तशी, आणि चालत गेली.

जवळून ते भोक सावलीत वगैरे नव्हतं. कडा ओलसर, आत पिवळं काहीतरी, त्याच्याही आत एक दात दिसत होता. जिथे दात दिसायला नको तिथे. शर्टाची कॉलर दुमडली होती, ती सरळ करायला हात हवा म्हणून तिने फुगा त्याच्या मांडीवर ठेवला. मानेनेच ‘धर’ अशी खूण केली. कॉलर सरळ केली. तिच्या बोटांना ओल लागली. तिने मीटर हनुवटीखाली धरला. श्वास अजून कोंडलेलाच. कानात ठोके पडायला लागले. आता काहीतरी बोलायचं असतं, एवढं आठवलं. पण बोलायला तर हवा लागते.

मामा तिच्याकडेच बघत होता. वरून नाही, खालून नाही, अगदी वीतभर अंतरावरून. तिचे फुगलेले गाल, लाल झालेलं तोंड, घट्ट मिटलेले ओठ, सगळं बघत होता. मग तोच तिच्या कानापाशी सरकला.

“श्वास घे, बये,” तो म्हणाला. “नाहीतर माझ्याआधी जाशील आणि मला तुझी दिवसभराची गिऱ्हाइकं करावी लागतील.”

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याबरोबर वास सगळाच्या सगळा आत गेला. नाकात, घशात, पोटात. तिचं अख्खं तोंड चुरगळलं आणि तिच्या तोंडून जोरात निघालं:

“शी! मामा, शी! काय घाण वास येतोय रे!”

त्या घरात इतक्या महिन्यांत हे कुणीच बोललं नव्हतं. पलीकडे मामीच्या हातातून काहीतरी पडलं.

आणि मामा हसला. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं शिट्टी वाजवत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. आजारपण सुरू झाल्यापासून तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता. ती मीटर धरून तशीच उभी, पुन्हा एक “शी!” करत डोळे गच्च मिटलेले, आणि मागे कॅमेऱ्यात शटर खटकन वाजलं.

फुगा त्याच्या मुठीत होता.

“मामा! अरे, मी फ्रेममध्ये आहे!”

“मग बाजूला सरायचं असतं,” तो हसत हसत म्हणाला. “नवशिक्याची चूक. मी एकेकाला काढून टाकलंय या चुकीपायी.”

“शेवटची फिल्म होती ती!”

“बरं झालं. दमलो मी.”

भाची तोंडावर हात दाबून धावत सुटली. पोटातलं सगळं बाहेर येईपर्यंत ती वाकून उभी होती आणि स्टुडिओतून मामा ओरडत होता, “बादलीत ओक! बेसिन तुंबतं ते!”

फिल्म धुताना तिला बरं वाटलं. डार्करूममधल्या आंबूस रसायनांचा वास तिला कधीच घाण वाटला नव्हता. इतरांना वाटायचा, पण ज्याचं त्याचं नाक. पहिल्या तीन फिल्म चोख आल्या. पिस्तुलाने काम केलं होतं. गालावरचा उजेड, सावलीतला तपशील, सगळं जिथल्या तिथे. चौथीचा कागद तिने लाल दिव्याखाली ताटलीत टाकला आणि त्यावर हळूहळू जे उमटलं ते बघून ती स्वतःशीच “अरे देवा” म्हणाली. तो फाडून टाकायचा विचार तिच्या मनात आला. पण या स्टुडिओचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला काढलेली प्रत्येक फिल्म दाखवायची, बिघडलेलीसुद्धा. मामाने तो नियम मंत्र्यांसाठीही सोडला नव्हता, तर त्याच्याच बाबतीत तो कसा मोडणार?

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. मामाला बघायची परवानगी मिळाली त्या दिवशी भाची पाकीट घेऊन वॉर्डात गेली. तिथेही वास होताच. फिनेलचा, सुकलेल्या रक्ताचा, शेजारच्या खाटेखालच्या भांड्याचा. मामाचं डोकं हनुवटीपासून वरपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, नाकात नळी, गळ्यात नळी. बाहेर होते ते फक्त डोळे आणि नाकाचा शेंडा. बोलणं बंद, आणि पुढे किती येईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. बँकेतला मित्र रुमाल सावरत खाटेपासून चांगला लांब उभा होता.

मामीने आधी फोटो घेतले. पहिले तीन बघून तिचा चेहरा उजळला.

“किती छान आलाय गं. साहेबासारखा. हा मोठा करून दे, हॉलमध्ये लावू.” मग तिने चौथा उचलला. “अगं बाई! हे काय? यात तू कशाला कडमडलीस? आणि शी, तोंड काय केलंयस! कुणी बघितलं तर काय म्हणेल?”

बँकेतला मित्र लांबूनच मान वाकडी करून बघायला लागला.

फोटोच्या कडेला भाची होती, अर्धी कापलेली, किंचित हललेली. डोळे गच्च मिटलेले, नाकाला आठ्या, तोंड त्या “शी”साठी उघडं. तिच्या हातात हनुवटीखाली धरलेला मेलेला मीटर. आणि मध्ये मामा, लख्ख. गालातलं भोक दिसत होतं, आतला दातही दिसत होता. पण बघणाऱ्याची नजर तिथे पोचायला वेळ लागायचा, कारण आधी ते डोळे दिसायचे. गिऱ्हाइकाच्या कानात काहीतरी सांगून एक पाऊल बाजूला सरलेल्या माणसाचे.

“हा बिघडलाय,” भाची म्हणाली. “नुसता नियम म्हणून आणला.”

मामाने हात पुढे केला. सुई टोचलेला, सुजलेला हात. मामीने साहेबासारखा फोटो त्यात दिला. त्याने तो बघितलाही नाही, चादरीवर टाकला. दुसरा टाकला. तिसरा टाकला. चौथा मात्र डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग छातीवर ठेवून त्यावर तळहात दाबला.

“तो?” मामी म्हणाली. “अहो, ती नाक मुरडतेय त्यात तुम्हाला!”

मामाने भाचीकडे बघितलं. दुसऱ्या हाताची दोन बोटं उचलून त्याने आपल्या नाकाचा उघडा शेंडा, नळी सांभाळत, हलकेच चिमटीत धरला आणि डोळे गच्च मिटून तिची हुबेहूब नक्कल केली. पट्ट्यांखालचे खांदे हलायला लागले. परिचारिका टाके, टाके म्हणून ओरडत धावत आली.

वॉर्डातला वास तसाच होता, आणि भाचीचं नाकही तेच होतं.

“शी,” ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली.